उद्यासाठी राखलेला उंदीर

जिलालीचा बाप मोरोक्कोतल्या मेक्नेस शहरात हदीम चौकात तलवारबहाद्दरांच्या गोष्टी सांगायचा. जिलाली त्याच जागेवर, तोच डफ वाजवत, मंगळावरच्या पाण्याच्या गोष्टी सांगू लागला. लोक आधी हसले. खारे चणे विकणारा हम्मू तर तोंडावर म्हणाला, की बापानं राजकन्या पळवल्या आणि लेक ऑक्टोपसची काळजं मोजत बसलाय. पण त्या शूरवीरांना आता कुत्रं विचारत नव्हतं. घरोघरी टीव्ही आले होते. बापाच्या शेवटच्या वर्षांत ऐकणाऱ्यांच्या गोलात मूठभर म्हातारे उरले होते, आणि त्यातलेही निम्मे उन्हाला बसून पेंगायचे. मग जिलालीनं पोटासाठी करावं तरी काय?

झालं असं, की जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला विज्ञानाचं एक मासिक सापडलं. शाळा अर्धवट सुटलेली, पण वाचायचं वेड दांडगं. बोट फिरवत फिरवत त्यानं ते आख्खं वाचून काढलं आणि सहज म्हणून संध्याकाळी चौकात सांगितलं, की आपण जो तारा रात्री बघतो तो कदाचित केव्हाच विझलेला असतो. लोकांनी माना वर केल्या त्या खाली घेईनात. तेव्हापासून दर महिन्याला मासिक, रोज सकाळी रेडिओ. जगात कुठंही कुणाला काही नवं सापडलं, की ते जिलालीच्या तोंडून हमालांना, न्हाव्यांना, डोंगरातून घोंगड्या विकायला आलेल्या माणसांना कळायचं. आणि तो सांगायचा बाकी झकास, त्याला नावं ठेवायला जागा नाही. मूत्रपिंडाचं काम त्यानं चहाच्या गाळणीवर समजावलं होतं. भूकंप कसा होतो ते गरम भाकरी दोन्ही हातांनी मोडून दाखवलं होतं. शाळेतले मास्तर मागच्या रांगेत तोंड लपवून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच सांगायचे.

सांगायची तऱ्हा मात्र बापाचीच. बापानं एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: गोष्ट पिकली, की तोडायची. नायक विहिरीत लोंबकळतोय, दोर कुरतडला जातोय, तेवढ्यात डफ खाली ठेवायचा. सगळ्यांना हात वर करायला लावायचे, त्यांच्या मेलेल्या आईबापांसाठी दुवा मागायची, टोपी फिरवायची आणि म्हणायचं, बाकीचं उद्या. लोक शिव्या घालत घरी जातात आणि उद्या येतात. हदीमच्या गोलात सगळ्यांची हीच रीत, आणि ऐकणाऱ्यांनाही ती पाठ. आज मेलेला नायक उद्या उठून बसणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

जिलालीनं विज्ञानाच्या बातमीलाही तोच नियम लावला. ताऱ्याला एक दिवस थांबवलं तर ताऱ्याचं काय बिघडतं? काहीच नाही. म्हणून कितीतरी वर्षं काही बिघडलं नाही.

मग त्या शरदात डोळ्याची बातमी आली. लहान पोरांच्या डोळ्यात एक कॅन्सर होतो. बुबुळात पांढरी चमक दिसते, रोग फार वाढलेला असला तर डॉक्टर डोळाच काढून टाकतात, तेव्हा पोर जगतं. तर कुठल्याशा प्रयोगशाळेत लोकांनी एक विषाणू पाळीव करून तो डोळ्यात सोडला. त्यानं फक्त रोग खाल्ला, डोळा जागच्या जागी राहिला. मासिकात पुढं हेही छापलं होतं, की हे सगळं उंदरावर झालंय, माणसापर्यंत यायला कैक वर्षं लागतील, येईल की नाही तेही सांगवत नाही, आणि तोवर डॉक्टर सांगतील तसा डोळा काढणं हाच मार्ग. जिलालीनं ते वाचलं होतं. अक्षरन् अक्षर वाचलं होतं. पण उंदीर त्यानं उद्यासाठी राखला. रोगी, रोगी म्हणत लोकांना रडवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं की बाबांनो, हा रोगी शेपटीवाला होता. काय हशा पिकेल! त्या हशाच्या नादात तो सकाळपासून खूश होता.

त्या संध्याकाळी गोल भरगच्च होता. पुढंच एक डोंगरातला माणूस उभा होता, खांद्यावर चारेक वर्षांची पोरगी, पोरीच्या हातात पाव. जिलालीनं रोग्याची आई रडवली, डॉक्टरची सुरी परजली, आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आणि डोळा न काढता, लोकहो, डोळा न काढता रोग गेला. सकाळी त्या जिवानं दोन्ही डोळे उघडले. आणि त्याला समोर काय दिसलं?"

डफ खाली. हात वर. बाकीचं उद्या.

पांगापांग झाली तेव्हा तो डोंगरातला माणूस पुढं आला. त्यानं जिलालीच्या खांद्याचं चुंबन घेतलं, अक्रोडांची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. पोरगी वळून हात हलवत होती. जिलालीनं तिच्या हाताकडं पाहिलं, डोळ्याकडं पाहिलं नाही. बातमी आवडली बुवा, एवढंच त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी उंदीर निघाला आणि लोक पोट धरधरून हसले. हम्मू तेवढा हसला नाही. तो चण्याची परडी घेऊन पुढं आला आणि म्हणाला, की कालचा तो डोंगरातला माणूस त्याच्याकडं चणे घ्यायला थांबला होता. पोरीचा डोळा आज सकाळी काढायचा होता म्हणे, त्यासाठीच दवाखान्यात आणली होती. आता काढायचा नाही, चौकातल्या शहाण्या माणसानं औषध निघाल्याचं सांगितलंय, असं म्हणत होता.

"तू अडवलं नाहीस?" जिलालीनं विचारलं.

"मी कशाला अडवू? मलाही वाटलं, निघालंय."

जिलाली डफ तिथंच टाकून दवाखान्यात धावला. तिथली नर्स आधीच भडकलेली. बाप पोरीला उचलून रात्रीच निघून गेला, डॉक्टरांनी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, असं तिनं सांगितलं. डोळा काढला असता तर पोर वाचायची अगदी चांगली आशा होती. राहिला तर रोग मेंदूत जाणार. चौकातल्या कुठल्या तरी बडबड्यानं त्याच्या डोक्यात भूत घातलं, तो भेटला तर त्याची जीभ हासडीन, असं म्हणून तिनं विचारलं, की तुम्ही कोण? जिलाली म्हणाला, नातेवाईक. बापाचं नाव मुहा, पोरीचं तूदा, घर अज्रू गावाच्या वर कुठंतरी डोंगरात, एवढंच तिच्याकडून कळलं. तिकडं मुहा नावाचे लोक ढिगानं. मुहानं दवाखान्यात दिलेला फोन लागत नव्हता.

तो अज्रूला गेला. मंगळवारच्या बाजारात उभा राहून त्यानं डफ वाजवला आणि बातमीचं शेपूट आधी सांगितलं: उंदीर होता, औषध नाही, डोळा काढायलाच हवा, पोरगी तूदा, बाप मुहा, कुणी ओळखतं का? लोक गोल करून उभे राहिले, मान डोलावली आणि पुढची गोष्ट कधी म्हणून विचारू लागले. मग बर्फ पडलं. वरचे रस्ते बंद झाले. बर्फ वितळताच तो पुन्हा गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, मेंढ्यांच्या कळपांतून माणसं निरखत. घरी बायको म्हणाली, आता पुरे करा. तो पुढच्या आठवड्यात परत गेला.

शेवटी त्याला मुहा सापडला नाही, मुहालाच तो सापडला. मुहा मेंढ्या विकायला उतरला होता. लांबूनच ओरडत आला, गळ्यात पडला, आजूबाजूच्यांना बोलावून, नावाआधी मानाचं ‘सी’ लावून सांगू लागला की हेच ते, हेच ते मेक्नेसचे सी जिलाली. ओढतच बाजाराच्या कडेला लावलेल्या आपल्या तंबूत घेऊन गेला. मुहाची बायको इत्तो चहा करत होती. तूदा कोपऱ्यात घोंगडीवर आडवी होती. तिचा डोळा आता खोबणीत मावत नव्हता.

जिलालीनं सगळं सांगितलं. उंदीर सांगितला, वर्षं सांगितली, औषध नाही हे सांगितलं, माझी चूक झाली हे सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला म्हणाला. मुहा ऐकता ऐकता हसू लागला.

"सी जिलाली, म्या काय आज पहिल्यांदाच तुमची गोष्ट ऐकतोय व्हय?" तो म्हणाला. "माझा बाप तुमच्या बापाला ऐकायचा. गोष्ट पिकली की तुम्ही लोक असंच करता. आज समदं बुडवायचं, उद्या वर काढायचं. मला घाबरवू नका. औषध कधी येतंय, तेवढं बोला."

"मुहा, येत नाही. गोष्ट संपली. एवढीच होती."

"बरं, बरं," मुहा म्हणाला आणि त्याच्या पेल्यात चहा ओतला. "उद्या सांगा मग."

आयुष्यभर लोकांना पुढचं आहे, पुढचं आहे म्हणून बसवणारा माणूस, त्याला पुढचं नाही हे पटवून देता येईना. त्यानं शपथा घातल्या. मुहानं मान डोलावली. शूरवीरांच्या गोष्टीतही शपथा असायच्याच.

इत्तोनं मात्र किटली खाली ठेवली होती. ती जिलालीच्या तोंडाकडं बघत होती. नवऱ्याला कळलं नाही ते तिला कळलं.

"सी, तुम्हाला हे त्या दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलं?"

जिलाली खाली मान घालून बसला. "दुसऱ्या दिवशी सांगणार होतो," तो म्हणाला.

तिनं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि नवऱ्याकडं न बघता टॅक्सीच्या अड्ड्याकडं चालू लागली. मुहा हसत हसत मागून आला, अगं थांब, अगं वेडी, म्हणत. टॅक्सीत रस्ताभर तूदा एका डोळ्यानं बाहेरची झाडं बघत होती आणि कुठलं झाड कशाचं ते आईला विचारत होती.

डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, राजधानी राबातच्या मोठ्या दवाखान्याला दाखवले. मग त्यांनी इत्तोला खुर्ची दिली. रोग हाडात आणि मेंदूत गेला होता. आता डोळा काढूनही उपयोग नव्हता. दुखायचं थांबायला औषध दिलं आणि घरी न्या म्हणाले. नर्सनं जिलालीला ओळखलं, तो नातेवाईक नव्हे तर कोण हेही ओळखलं. जीभ हासडायचं तिनं तोंडातून काढलं नाही. त्याला ते सोसवेना.

बदामाला फुलं आली त्या दिवसांत तूदा गेली. वर डोंगरातच पुरली. जिलाली दफनाला गेला, गावाच्या वेशीपासून परत फिरला. इत्तोनं निरोपच तसा पाठवला होता.

त्यानंतर त्यानं बातमी तोडणं सोडलं. जे असेल ते एका बैठकीत, आणि आधी शेवट: हे अजून उंदरावरच आहे, हे अजून सिद्ध नाही, हे तुम्हाआम्हाला मिळायला जन्म जाईल. मग बाकीचं. खरं सांगायचं तर ऐकायला फार कंटाळवाणं झालं. लोक उभे राहायचे, शेवट आधीच ऐकून चण्याकडं वळायचे. शाळेतले मास्तर यायचे बंद झाले. चौकात एक नवा पोरगा माकड घेऊन आला होता, सगळे तिकडं. हम्मू म्हणाला, अरे थोडं तरी राख की उद्याला, उपाशी मरशील. जिलालीनं तरी काहीच राखलं नाही. पण विज्ञानाच्या बातम्या सोडून पुन्हा तलवारी उपसायच्या, तेही त्याला जमेना. त्याला ते खरंच आवडायचं, तारे, विषाणू, सगळंच. ती आवडही आता त्याला डाचायची.

ऑलिव्ह तोडायच्या दिवसांत मुहा शहरात मजुरीला आला. एका संध्याकाळी तो गोलात येऊन उभा राहिला. गोल कसला, पाचसहा माणसं. जिलालीनं त्याला पाहिलं. कसाबसा त्यानं त्या दिवशीचा विषय उरकला, समुद्राच्या तळाशी सापडलेल्या कसल्याशा किड्याचा. शेवट आधी सांगितला होताच. माणसं निघून गेली. मुहा जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर जिलालीनं मार खाल्ला असता आणि मोकळा झाला असता.

"सी जिलाली," मुहा म्हणाला, "त्या डोळ्याचं पुढं काय झालं?"

"मुहा, तुला सांगितलं ना."

"ते सांगितलं. त्याच्यापुढचं."

"त्याच्यापुढं काही नाही रे."

मुहानं मान डोलावली. मग तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसला, पुढच्या रांगेत, जिथं बाकी कुणी नव्हतं. "बसतो म्या," तो म्हणाला. "उद्या सांगा."

तो दुसऱ्या दिवशीही आला. ऑलिव्हचा हंगाम संपला, मजूर डोंगरात परतले, तरी तो येतच राहिला. जिलाली रोज त्याला तेच सांगायचा, की गोष्ट संपली, आणि मुहा रोज दुवेला हात वर करून उठायचा.