मोरा तिलाईची नोंद

तरुलता पातर आसामातल्या आमच्या नगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या तेव्हा त्यांच्यापाशी एक सायकल, चार मेखला-चादरी, म्हणजे आमच्याकडच्या दोन भागांच्या साड्या, आणि गुडघ्यापर्यंतचे पुरुषी गमबूट एवढंच सामान होतं. थोरल्या बहिणीला आणि शिकवणाऱ्या बाईला आम्ही बाइदेउच म्हणतो, त्यामुळे आठवडाभरात त्या सगळ्यांच्या बाइदेउ झाल्या. मी तिथे टंकलेखक होतो. मिनिटाला पंचेचाळीस इंग्रजी शब्द, चूक शून्य, असा माझा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात माझाच हात मोठा होता.

बाकीचे प्राध्यापक बेडूक बरणीत दाखवत. बाइदेउ मुलांना घेऊन बेडूक राहतो तिथे जात आणि येताना व्हरांडाभर चिखल करत, म्हणून शिपाई त्यांच्या नावाने बोटं मोडायचा. त्यांची आई तर तोंडावर म्हणायची, "लोकांच्या मुली शिकून चिखलातून बाहेर येतात. आमची शिकून आत गेली." लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. दोनदा पाहुणे आले. दोन्ही वेळा बाइदेउ कुठल्या तरी पाण्यात उभ्या होत्या आणि पाहुणे लाल चहा पिऊन परत गेले.

१९८९ साली त्यांनी जिल्ह्यातलं एकेक बील पाहायला घेतलं. उथळ तळं, दलदल, नदीने टाकून दिलेलं जुनं वळण, सगळ्याला आम्ही बील म्हणतो. अशी दोनशे चौदा निघाली. प्रत्येक ठिकाणी त्या दोनदा गेल्या, एकदा थंडीत आणि एकदा पुरात. मासे किती जातीचे, पाखरं किती, जकोई घेऊन मासे धरायला किती बायका उतरतात, सगळं वहीत लिहिलं. बांबूच्या त्या सुपासारख्या जकोईत काय येतं हे पाहायला त्या स्वतःच बायकांबरोबर कंबरभर पाण्यात उतरत. बायका हसायच्या. "बाइदेउ, सरकार तुम्हाला पगार देतं की मासे?"

अहवाल माझ्याकडे टाइपला आला. त्यात 'स्थिती' नावाचा एक अरुंद रकाना होता. अकरा बीलांपुढे त्यांनी हाताने लिहिलं होतं : मोरा. मोरा म्हणजे मेलेली. नदी पात्र बदलते आणि मागे राहिलेल्या वळणाला हे नाव पडतं. माघात तिथे गुरं चरतात. आषाढात मोठ्या नदीचं पाणी उलटं आत शिरतं, त्याबरोबर मासे अंडी घालायला येतात आणि पुढचे सहा महिने गाव त्यावर जेवतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण इंग्रजी अहवालात देशी शब्द मला बघवेना. मी अकराही ठिकाणी टाइप केलं : डेड. कुणाला विचारलं नाही. उलट शब्द रकान्यात नेमका बसला म्हणून खूश झालो. बाइदेउंना गुवाहाटीची बस पकडायची होती. त्यांनी उभ्याउभ्या छप्पन्न पानांवर सह्या केल्या आणि त्या गेल्या.

पुढची तीस वर्षं तो अहवाल त्यांची ढाल होता. कुणी बीलात वीटभट्टी घालायला निघालं, कुणी भराव टाकायला लागलं, की बाइदेउ तोच घेऊन कचेरीत हजर व्हायच्या. साहेब बदलत, बाइदेउ त्याच. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, गमबूट तिसरे झाले. त्यांच्यामुळे किती बीलं वाचली हे मी सांगू शकतो, कारण प्रत्येक अर्ज मीच टाइप केला. एकोणीस.

२०१९च्या फाल्गुनात थानेश्वर दास कॉलेजात आला. मोरा तिलाईच्या काठावर नामदोला नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथला हा म्हातारा. एरवी तो मासे घेऊन यायचा. त्या दिवशी त्याने केळीच्या पानावर तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान आणलं होतं. मागणं घेऊन आलेला माणूस तसाच येतो.

"माजोनी," तो लेकीला म्हणावं तसं बाइदेउंना म्हणाला, "आमच्या तिलाईचं तोंड मातीने बुजवलं. वर गोदाम बांधणार म्हणे. आम्ही विचारायला गेलो तर कचेरीतला बाबू म्हणतो, ही मेलेली आहे. तुमच्याच बाईंनी लिहून दिलंय."

"मी?"

"सही दाखवली त्याने. मला वाचता येत नाही, पण तुझी सही मी ओळखतो. शेपटीवाली."

बाइदेउंनी कपाटातून जुनी वही काढली आणि अहवालाची प्रत काढली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. वहीत मोरा, अहवालात डेड. अकरा ओळी होत्या. त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळ्या तपासल्या. मी दारात फाइल घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कोळ्यांनी भरावाविरुद्ध कचेरीत दावा लावला. त्यांच्या वकिलाने वही पाहिली आणि टेबलावर थाप मारली. "बाइदेउ, अर्ध्या तासाचं काम आहे. टंकलेखकाने चूक केली म्हणून सांगा, वही दाखवा, विषय संपला. तुमचा अहवालही शाबूत राहील."

"आणि टंकलेखकाचं काय?"

"चौकशी होईल. आपल्याला काय त्याचं?"

माझी नोकरीची सहा वर्षं उरली होती. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

सुनावणीच्या आधी बाइदेउ नामदोल्याला गेल्या. नामघरापुढे, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरापुढे, बेचाळीस घरांची माणसं जमली होती. त्यांनी सगळ्यांपुढे तामूल-पान ठेवलं, गळ्यात लाल काठाचा पंचा, गामोसा घेतला आणि जमिनीवर गुडघे टेकले. आमच्याकडे समाजाची क्षमा अशीच मागतात, पण कॉलेजातल्या बाईने कोळ्यांपुढे मागितलेली मी कधी पाहिली नव्हती.

"माझ्या सहीने तुमचं पाणी मेलं," त्या म्हणाल्या. "मला माफ करा."

मग थानेश्वर खाकरला. "आम्ही माझ्या सासूला वीस वर्षं म्हातारी म्हणतोय. म्हणून काय तिला जाळून टाकायचं? ऊठ माजोनी. त्या इंग्रजीला मोरा कळत नाही, त्याला तू काय करणार." माणसं हसली. म्हाताऱ्याने तामूल उचललं, म्हणजे माफी झाली. मी मागे चिंचेखाली उभा होतो, एकटाच न हसता.

सुनावणीत साहेबांनी सरळ विचारलं, "हा शब्द तुमचा की टाइप करणाऱ्याचा?"

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. कॉलेजाने कागद सांभाळायला मलाच पाठवलं होतं.

"त्याने मला विचारलं होतं," बाइदेउ म्हणाल्या. "मोराला डेड लिहू का, म्हणून. मी हो म्हटलं. पानं न वाचता सही केली."

वकिलाने कपाळावर हात मारला. समोरचा वकील मात्र खुलला. "साहेब, अकरा ओळी न वाचता सही केली असेल, तर उरलेल्या दोनशे तीन वाचून केली कशावरून?"

"बरोबर बोलताहेत ते," बाइदेउ म्हणाल्या. "मलाही ते सांगता येणार नाही. सगळी बीलं पुन्हा पाहावी लागतील."

मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पाय जमिनीला चिकटले होते असं मी म्हणणार नाही. पाय ठीक होते, मी भ्यालो होतो. मला नोकरी हवी होती. साहेब लिहून घेत राहिले आणि मी बसून राहिलो.

हुकूम असा झाला की दोनशे चौदांची नवी मोजणी येईपर्यंत भराव थांबवायचा, पण तिलाईचं तोंडही तसंच बंद ठेवायचं. म्हणजे बीलही मेलं नाही आणि मासेही आले नाहीत. नामदोल्याच्या माणसांनी दोन आषाढ कोरडे काढले. निम्मे तरुण गुवाहाटीला बांधकामावर गेले. बायका बाजारातून विकतचे मासे आणून आंबट कालवण करायच्या आणि मान खाली घालून करायच्या. थानेश्वर बाइदेउंना भेटला की म्हणायचा, "माजोनी, जरा भराभर चाल गं. मला वर जायच्या आधी बोराली मासा खायचाय." त्या हसत नसत.

तोवर बाइदेउ निवृत्त झाल्या होत्या. दोनशे चौदा बीलं त्या पुन्हा चालल्या, थंडीत एकदा आणि पुरात एकदा, मधल्या टाळेबंदीतही परवाना काढून. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला असायचा. एकोणतीस बीलं आता नव्हतीच. तिथे घरं होती, शेतं होती, एका ठिकाणी पेट्रोल पंप होता. ते त्यांनी होतं तसं लिहिलं. त्यांच्या माहेरच्या गावचं बीलही त्या एकोणतिसांत होतं. त्याच्यापुढे त्यांनी एक शब्द जास्त लिहिला नाही.

मोरा तिलाईचं तोंड २०२१च्या ज्येष्ठ महिन्यात उघडलं. नवा अहवाल पुरा होण्याआधीच तिलाईच्या तेवढ्या पानांवर हुकूम मिळाला. फावडी चालली, पाणी आधी बोटभर शिरलं, मग हातभर. एक तृतीयांश भाग गोदामाच्या मातीखाली गेला तो गेलाच. थानेश्वरने बोराली खाल्ला आणि काटा घशात अडकला म्हणून बाइदेउंनाच शिव्या दिल्या.

पूर्ण अहवाल त्या पावसाळ्यात त्यांच्या घरी टाइप झाला. त्या वहीतून वाचत आणि मी संगणकावर घेत होतो. आता मी प्रत्येक ओळीला थांबून विचारत होतो. हे असंच ठेवू? इथे स्वल्पविराम? मोरा शब्द तसाच ठेवू? शेवटी त्या वैतागल्या.

"किती विचारतोस रे मुहिराम? डोकं उठवलंस."

"तेव्हा विचारलं नव्हतं ना," मी म्हणालो. "बाइदेउ, मी तुम्हाला तेव्हा काही विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग साहेबांपुढे तसं का सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून चादरीच्या पदराने पुसला. "विचारलं असतंस तर मान वर न करता हो म्हटलं असतं मी. बस पकडायची होती मला. तेवढं मला स्वतःबद्दल ठाऊक आहे, म्हणून सांगितलं." मग चष्मा लावता लावता म्हणाल्या, "तू उठशील असं मात्र वाटलं होतं."

एवढं बोलून त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढच्या बीलाचं नाव सांगितलं. मी ते टाइप केलं.