जाड अस्तराचा डगला

कतारमध्ये अल खोरहून रास लफानला जाणारी कंपनीची बस वळली की गिरीशच्या तळहातांना घाम सुटायचा. मूळचा नाशिकचा, तिथल्या गॅस प्लांटवर ऑपरेटर, कामाला वाघ. पण गेल्या हिवाळ्यात एका पाइपच्या जोडातून नुसतं ‘स्स्स’ झालं आणि पाठोपाठ जाळ उठला. शेजारी उभ्या असलेल्या अरहानचे दोन्ही हात भाजले. गिरीशला साधा चटकाही बसला नाही. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. तेव्हापासून घरात कुकरची वाफ सुटली तरी तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मेडिकलमध्ये नापास झालो तर नोकरी जाणार, नोकरीमागून व्हिसा. म्हणून तो कामाच्या अंगभर कव्हरॉलखाली एकावर एक तीन जाड बनियन चढवायला लागला. जाळ लागलाच तर तेवढाच आडोसा.

त्याची बायको ज्ञानदा शाळेत इतिहास शिकवायची. जेवताना दुसऱ्या दिवशीचा धडा बोलून पाहायची तिची सवय.

“उद्या जेम्स राजा,” ती म्हणाली. “एवढा भित्रा, की नागवी तलवार दिसली तर तोंड फिरवायचा. सुऱ्याच्या भीतीनं जाड अस्तराचा डगला घालायचा म्हणे. पोरं जाम हसतात.”

गिरीशचा घास हातातच राहिला. “कशाला भ्यायचा एवढा?”

“तो पोटात असताना त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत तिच्या सेक्रेटरीला भोसकलं. वर्षाचाही झाला नव्हता, तर बाप राहत होता ते घर बंदुकीच्या दारूनं उडवलं आणि बाप मेलेला सापडला. तेराव्या महिन्यात हा स्कॉटलंडचा राजा. पाच वर्षांचा असताना गोळी लागलेल्या आजोबांना किल्ल्यात आणताना पाहिलं. पुढे सरदारांनीच त्याला पळवून डांबलं.”

“मग गादी सोडली त्यानं?”

“छे! उलट इंग्लंडचीही मिळाली. तिथे तर पार्लमेंटखाली तसल्याच दारूची पिंपं सापडली, तो बसणार होता त्याच्या खाली. तरी मरेपर्यंत राज्य केलं. आजारानं गेला, अंथरुणात.” ती थबकली. “तुला काय झालं? पांढराफटक पडलायस.”

“काही नाही. ऊन.”

जुलैत उकाडा असह्य झाला. एका दुपारी शिडीपाशी गिरीशच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो कोसळला. शुद्ध आली तेव्हा तो क्लिनिकात होता. नर्सनं कव्हरॉल कापलं होतं आणि तीन ओलेचिंब बनियन ट्रेमध्ये पडले होते.

“इतने कपड़े क्यों?” डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं ट्रेकडे नजर टाकली. खलास. आता चौकशी, मग विमानाचं तिकीट.

ज्ञानदा धावत आली. ट्रेकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

“मला भीती वाटते गं. रोज. बसमध्ये चढल्यापासून.”

तिनं मोकळ्या हातानं ट्रेमधला एक बनियन उचलला.

“जेम्सच्या बापाचं घर उडालं, हे मी वर्गात एका वाक्यात उरकते,” ती म्हणाली. “आणि पोरांना हसू देते. डॉक्टरांना सांगूया, गिरीश. तुला जमेना तर मी सांगते.”

त्यानंच सांगितलं, तुटक तुटक, अर्धं हिंदीत. डॉक्टरांनी रजा लिहून दिली आणि समुपदेशकाकडे पाठवलं. ऑगस्टअखेर त्याला कंट्रोल रूममध्ये काम मिळालं, तेही तात्पुरतं. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेल की नाही, कुणी सांगत नव्हतं. “इन्शाल्ला,” एवढंच उत्तर.

पहिल्या दिवशी बस गेटपाशी थांबली आणि सगळे उतरले. गिरीशही उतरला, पण गेटबाहेरच थांबला. शिफ्टमधला सागर पुढे गेला होता, तो मागे वळला.

“यल्ला, चल की.”

“थांब जरा,” गिरीश म्हणाला. “भीती वाटतेय.”

सागर हसला नाही. त्यानं त्याचं कोपर धरलं आणि दोघं हळूहळू आत गेले.