फ्रिजमध्ये मेथी होती

"वकीलसाहेब, दोर घ्या. कुठं बांधायचा ते तुमच्या लोकांना ठाऊक असतंय. ओढायला पोरं आहेत."

टिळकवाडीत, भर सकाळी, घरमालक अण्णा मला हे म्हणाले. फाटकाला आडवी गौरी मरून पडली होती. गल्लीतली मोकाट गाय. अण्णांच्या घरची पहिली चपाती रोज तिला. पोट फुगलेलं, एक डोळा उघडा. मी कोर्टाला निघालेलो, काळ्या कोटात.

जात अण्णांनी कधी विचारली नव्हती. घर देताना एवढंच म्हणाले होते, "शाकाहारी ना?" मी म्हटलं, "पक्के!" कोर्टात खोट्या साक्षी उलटवणारा मी, आणि ही माझी साक्ष. दर रविवारी बायकोला घेऊन काकतीच्या ढाब्यावर जेवायला जायचो. येताना बडीशेप चघळत यायचो. फाटकाशी ढेकरसुद्धा गिळायचो. पायरीवर बसून अण्णा सांगायचे, प्रत्येक जिवात आत्मा आहे, मांस खाणाऱ्याचं पोट म्हणजे स्मशान. मी मान डोलवायचो. एकदा जोशात मीच म्हणालो, "मुंगीतसुद्धा असतो, अण्णा." तेव्हा दातात मटणाचा धागा अडकलेला.

दोन वर्षं वाटत होतं, मी अण्णांना फसवतोय. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोर लागेल त्या दिवसासाठी ठेवून घेतलं होतं मला.

"महापालिकेची गाडी बोलवा," मी म्हटलं.

"कचऱ्यासारखी नेतील हो. आत्मा होता तिच्यात."

बोलताना उपरणं नाकाला. आत्मा होता, पण हात लावायला मी.

लाज वाटते, पण सांगतो. मी बॅग खाली ठेवली. कोटाचं बटण काढलं. तेवढ्यात वरून, गॅलरीतून बायको ओरडली.

"आवो! कोट काढू नकासा!"

निपाणीला माझ्या आज्जानं असाच दोर एकदा खाली टाकला होता. गावानं पाणी तोडलं, तरी परत उचलला नाही. आणि त्याचा वकील नातू, भाड्याच्या दोन खोल्यांसाठी वाकत होता.

मी बटण लावलं. "अण्णा, आमच्यात हे काम सोडलंय. चपाती तुम्ही घालत होता. दोरही तुम्हीच बांधा."

अण्णा चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "काल ठणठणीत होती. कुणी काय घातलं, लोक विचारणारच."

कोपऱ्यावर चार दुचाक्या. पोरांनी माना वर केल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

संध्याकाळी दार वाजलं. तीच पोरं. मागं, जिन्यात, अण्णा.

"फ्रीज दाखवा."

फ्रिजमध्ये मेथीची जुडी होती आणि दही. दाखवलं असतं तर सुटलो असतो. म्हणूनच दाखवलं नाही.

"वॉरंट आणा," म्हटलं आणि दारात उभा राहिलो. हटलो नाही.

अण्णा घर सोडा म्हणतात. कोर्टात या, म्हटलंय. काकतीला आता जात नाही. रविवारी मटण इथंच शिजतं, खिडकी उघडी ठेवून. दुचाक्या कोपऱ्यावर असतात. मोजतो. गेल्या रविवारी सात होत्या.

खिडकी उघडीच राहील.