एका पलंगाची गाडी

मालूच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी गादीची खोळ शिवत होते. "काकू, आई गेल्या. सकाळी बाथरूममध्येच पडल्या..." फोन ठेवला आणि उरलेली शिवण पूर्ण केली. हाताला कळायला वेळ लागतो. ती खोळ मालूच्या गाडीतल्या माझ्या पलंगाची होती.

मालूने आणि मी जबलपूरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून संसार केले. मी नवी नवरी होते तेव्हा ती स्कूटर शिकली आणि म्हणाली, "शालू, रविवारी तुला भेडाघाटला नेते." मी बावळट, पहाटे उठून दशम्या केल्या. तोंडाला इतकी पावडर थापली की सासूबाईंनी विचारलं, पिठाचा डबा सांडला का. दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी मालू आली, मागच्या सीटवर तिची बहीण. "अगं, पंक्चर झालं होतं," म्हणाली आणि माझ्या हातात एक इवलासा संगमरवरी गणपती ठेवला. पंक्चर झालेली स्कूटर भेडाघाटचा गणपती घेऊन कशी परत येते, हे विचारायची अक्कल पायरीवर बसलेल्या त्या पोरीला, म्हणजे मला, नव्हती. उलट तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. अजून आहे.

नवरा गेल्यावर मालूने शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. तिचं चाकांवरचं घर करायचं, अमरकंटकला जायचं, मग पुढे रस्ता नेईल तिकडे. शेगडी बसली, पंखा बसला. अडलं ते एका रिलेवर. लिथियमची बॅटरी फार उतरली तर कामातून जाते, म्हणून त्याआधीच तिला दिव्या-पंख्यापासून तोडणारा हा रिले. गोहलपुरात रईसभैयांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही स्टुलांवर बसून रिले बघायचो, साड्या बघाव्यात तसे. मालूने एक पसंत केला. रईसभैया म्हणाले, "दीदी, ये जब तक जुड़ा रहेगा, करंट खाता रहेगा. गाड़ी खड़ी रही तो बैटरी यही पी जाएगा."

"म्हणजे राखणदारच चोर," मी म्हटलं.

दुसरा होता लॅचिंग जातीचा. जोडताना आणि तोडताना क्षणभर करंट घेतो, मग ठेवला तिथे राहतो. दार हाताने धरून उभं राहणं आणि कडी लावणं, इतकाच फरक. मालू कुरकुरली, "मले तर पहिलाच बरा वाटून राहिला."

"काहून? गाडी उन्हाळाभर उभी राहीन तेव्हा?" मी हटून कडीवालाच घ्यायला लावला. वर बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किटही अल्पाहारीच हवं, असं रईसभैयांना बजावलं. ते हसले. परतताना ऑटोत मालू म्हणाली, "खिडकीकडचा पलंग तुझा." नेहमीच म्हणायची...

तेरावं झाल्यावर तिच्या मुलाने गाडी उघडली. "काकू, तुमचं काही असेल तर घेऊन जा." मी खोळ घडी करून नेली होती. आत एकच पलंग. खिडकीकडे बॅटरीची पेटी आणि तिच्यावर छतापर्यंत कपाट, स्क्रूने पक्कं केलेलं.

गोहलपूर गाठलं, दुसऱ्या पलंगाचं विचारलं. रईसभैया हातातला पाना पुसत बसले. "दीदी, वो तो शुरू से एक ही बोली थीं. कहती थीं, रास्ते में शांति चाहिए."

शुरू से. म्हणजे त्या स्टुलांवर बसलो होतो तेव्हाही. तिला माझी सोबत गोहलपुरापर्यंतच हवी होती. केस पांढरे झाले, पायरीवरची पोरगी तीच राहिली. पावडरच्या जागी खोळ आली, एवढंच. आणि जिच्याशी भांडायचं ती अमरकंटकलाही न जाता भलतीकडेच निघून गेली.

गाडी विकायची ठरली आहे. परवा मी किल्ली मागून एकटीच आत गेले. बटण दाबलं. टक्... दिवा लख्ख लागला. इतके आठवडे गाडी उभी, तरी बॅटरी जवळजवळ भरलेली. माझ्या रिलेने काही खाल्लं नव्हतं.

मग मी तिच्या पलंगावर चपला न काढता आडवी झाले. पलंगावर चप्पल म्हटलं की मालूचा जीव जायचा. पाय चांगले ताणून दिले आणि अमरकंटकच्या वाटेवर सांगायचं म्हणून राखून ठेवलेलं सगळं मोठ्याने सांगायला लागले... माझ्या सुनेचं, गुडघ्यांचं, त्या गणपतीचं. बाहेर अंधारून येईपर्यंत बोलत होते. एकदाही तिने मधे तोंड घातलं नाही.