सरांचं लाटणं

आमच्या सरांच्या हातात शिट्टीपेक्षा लाटणं जास्त वेळ असायचं. रोज चार वाजता ते मैदानावर यायचे, बास्केटबॉलच्या रिंगखाली ताठ उभे राहायचे आणि उजव्या हाताने लाटणं वर उभं धरायचे. त्याचं टोक रिंगला लागून टक्क वाजलं की म्हणायचे, "दहा फूट. बरोबर." मग सराव सुरू. साडेपाचला काकू, म्हणजे सरांची बायको, कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. "अहो, मोजून झालं आसंल तर द्या इकडं. कणीक मळून ठेवलीय."

आमचं गाव मंचरकडच्या कळंबच्या जवळ. गाव त्यांना शिडीसर म्हणायचं. तरुणपणी सर मुंबईत एका कंपनीच्या संघात पगारावर खेळायचे. गुडघा गेला तेव्हा तिथल्याच नव्या पोरांना शिकवू लागले आणि निवृत्त झाल्यावर गावी आले. खेळण्याचा पगार मिळतो हे मात्र गावाच्या गळी कधी उतरलं नाही.

"खेळायचा ते समजलं," पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, "पर काम काय व्हतं?"

"तेच काम व्हतं," सर म्हणायचे.

"ते झालं वो. पर काम काय व्हतं?"

एवढा उंच माणूस नुसता हिंडू नये म्हणून गावाने त्यांना दिवे बदलायला, तोरणं बांधायला आणि बायकांनी फडताळावरचे डबे काढायला लावलं. सर सगळं करायचे. काकू सांगायच्या, पूर्वी सुट्टीला आले की घराच्या चौकटीला डोकं आपटून कपाळावर टेंगूळ ठरलेलं. निवृत्तीनंतर ते थांबलं. "वाकायची सवय झाली आता," असं सर म्हणायचे.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत रिंग बसवायचं ठरलं. वेल्डिंग करणारा माझा चुलता, बबनकाका, टेप घेऊन आला. सर म्हणाले, "खिशात ठेव ती टेप. लग्नाच्या वर्षी हिच्याशी भांडून हिचं लाटणं ग्राउंडवर घिऊन गेलो व्हतो. तवाच कळलं, माझा हात अधिक लाटणं म्हंजे दहा फूट. उगं मोजत बसू नको." बबनकाकाने टक्क आवाज ऐकून वेल्डिंग मारलं.

सर शिकवायचे ते आमच्याच शिवारातलं घेऊन. "टोमॅटोचं क्रेट गाडीवर देतीस ना? फेकती का? समोरच्यानं धरल्याबिगर सोडू नको. पास तसाच." आणि अडवायचं कसं, तर बिबट्यासारखं. "बिबट्या कुत्र्याकडं बघत नाय. कुत्रं पळणार कुठं, तिकडं बघतो." खरा बिबट्या उसातून निघायच्या आत आम्हाला घरी धाडायची घाई त्यांना सगळ्यांत जास्त.

तीन वर्षं आम्ही नेम धरला. वैशाली, आमची कप्तान, डोळे मिटून बॉल जाळीत टाकायची. मग जुन्नरला एका शाळेच्या मैदानावर सामन्याला गेलो आणि आमचा एकही बॉल आत जाईना. सगळे रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचे. आम्ही सपाटून हरलो. सरांनी पंचांना गाठलं. "तुमची रिंग वर हाय."

पंचांनी टेप लावली. बरोबर दहा फूट.

"टेप ताणलीय," सर म्हणाले.

परत येताना जीपमध्ये ते गुडघे कानाशी घेऊन बसले होते. उतरताना म्हणाले, "टेप चुकली नसंल तर मी चुकलो. अन् मी चुकीचं शिकवत आसंल तर उद्यापासून येऊ नका, पोरींनो." दुसऱ्या दिवशी चार वाजता मैदानावर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. मला इतकं रडू आलं की आईने शेजारच्या बाईला विचारलं, कुणी गेलं का म्हणून.

बबनकाकाने आमच्या रिंगला टेप लावली. चार बोटं कमी. म्हणजे रिंग सरांच्या हाताच्या मापानेच बसली होती, सर मात्र वयाने आखडले होते. हे त्यांना सांगायचं कुणी? आम्ही त्यांची उंचीच वाढवायचं ठरवलं. काकूंनी ट्रंकेतले जुने बूट गुपचूप काढून दिले, मंचरच्या चांभाराने त्यांना टायरच्या रबराचे थरावर थर ठोकले, आणि बबनकाकाने रिंग चार बोटं वर नेली. बूट आम्ही गुरुपौर्णिमेला दिले. सर ते घालून बैलपोळ्याच्या बैलासारखे जपून पावलं टाकत मैदानावर आले. हात वर केला. टक्क.

"बघा," सर म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं?"

सराव पुन्हा सुरू झाला. पहिले आठ दिवस आमचे बॉल खालीच राहायचे, तेव्हा सर ओरडायचे, "गुडघं वाकवा. सुट्टीत हात जड झालं तुमचं." त्याच आठवड्यात काकू त्यांच्या कपाळाला हळद लावताना मी पाहिलं होतं. का, ते विचारावंसं वाटलं नाही. चौदाव्या वर्षी मोठ्या माणसांना काही कळत नाही अशी आपली खात्रीच असते. पुढच्या वर्षी जुन्नरला आम्ही हरलो, पण दोनच गुणांनी, आणि बॉल जाळीत पडत होता.

यंदा अवसरीच्या कॉलेजातलं माझं शेवटचं वर्ष, आणि संध्याकाळी धाकट्या मुलींना मीच शिकवते. सर गेल्या महिन्यात लेकीकडे नाशिकला राहायला गेले. जायच्या दिवशी त्यांनी मला मैदानावर बोलावलं. रिंगखाली आले, बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी उभं राहून लाटणं वर धरलं. टक्क वाजलं नाही. रिंग चार बोटं वर राहिली.

"आता बरोबर हाय," सर म्हणाले आणि लाटणं माझ्या हातात दिलं.

"सर, कधी कळलं?"

"बूट घातलं त्याच दिशी. घरात शिरताना चौकटीला डोकं आपटलं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "किती वरसांनी. लई बरं वाटलं, पोरी."