फ्यूज माझ्या खिशात

फौजेत सतरा वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. सुटून धर्माबादला आलो तर जो तो सांगायचा, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बस. लई राग यायचा. बंदुकीपेक्षा पक्कड जास्त धरली मी, पण ह्या लोकांना नुसती मिशी दिसायची. शेवटी लातूरच्या एका डाळमिलीत लागलो, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाहीतर घरी. बायकोनं बजावलं होतं, "तिथं फौजीपणा करू नका. पोरीचं कॉलेज हाय."

अडीच महिने गुमान राहिलो. मग एका दुपारी डाळ वर नेणारा पट्टा अडकला. म्हातारा फिटर खालच्या खड्ड्यात उतरला. मी पट्ट्याच्या मोटरचे तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. फौजेतली शिस्तच ती. आत गेलेला माणूस स्वतः समोर येऊन सांगत नाही, तोवर फ्यूज लावायचे नाहीत.

बाहेर ट्रक खोळंबलेला. सुपरवायझर तणतणत आला. "लाव फ्यूज. म्हातारा कवाच चहाला गेला."

"मला न्हाई सांगितलं त्यानं."

त्यानं खड्ड्यापाशी जाऊन दोन हाका मारल्या. बाकीच्या मोटरी घरघरत होत्या, खड्ड्यात धुळीनं काही दिसत नव्हतं. उत्तर आलं नाही. "बघ, हाय का कोणी?" म्हणत त्यानं कपाटातले जादाचे फ्यूज काढले. मी फ्यूजच्या पॅनलला पाठ लावून उभा राहिलो. नोकरी गेली, असं वाटलं, पण हललो नाही.

तेवढ्यात मालक आले. सगळं ऐकून मला म्हणाले, "त्याला वर येताना पाहिलं तुम्ही?"

"न्हाई."

"मग थांबू." आणि ते तिथंच तुरीच्या पोत्यावर बसले.

सतरा वर्षं दुसऱ्यांचे हुकूम पाळले मी. त्या दिवशी मालक माझ्या शब्दावर थांबले. गर्व वाटला, अजूनही वाटतो. लपवू कशाला?

थोड्या वेळानं खड्ड्यातून आधी पाना वर आला, मग फिटरचं डोकं. धुळीनं पांढरंफट, कानावर गच्च रुमाल. तो सोडत त्यानं आमच्याकडं पाहिलं. "सगळे हितं काय करून राहिले? कामं न्हाईत का?" मग मला म्हणाला, "झालं. लाव आता."

 सुपरवायझरनं जादाचे फ्यूज माझ्या हातात आणून ठेवले.