सरकवलेले सण

तारखा सरकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. वीस वर्षं मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि हे काम मला उत्तम जमतं. त्यामुळे अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळाचा कारभार माझ्या गळ्यात पडला तेव्हा सणांच्या तारखा सरकवतानाही माझा हात कधी कचरला नाही. गणपती शनिवारी. संक्रांत शनिवारी. कोजागिरी, आकाशात चंद्र अर्धा असला तरी शनिवारीच. शाळेचा हॉल त्या दिवशी मिळतो आणि लोकांना सुट्टीही त्याच दिवशी असते. यात काय चुकलं, असं मी छातीठोकपणे विचारायचे, आणि कुणाकडे उत्तर नसायचं.

आईकडे होतं, पण ती ते मला सांगत नव्हती. बाबा गेल्यावर मी तिला नागपूरहून माझ्याकडे आणलं, ग्रीन कार्ड करून दिलं. घरात आम्ही दोघीच. "तुमच्या अमेरिकेत वार एकच, शनिवार," एवढंच ती म्हणायची, आणि चतुर्थी मंगळवारी आली तर मंगळवारीच पहाटे उठून एकवीस मोदक करायची. आमच्याकडचे, तळणीचे. मी रात्री आठ वाजता ऑफिसमधून दमून यायचे आणि ते मायक्रोवेव्हमध्ये टाकायचे. कुरकुरीत मोदकाचं चामडं व्हायचं. ते चावत वर मीच तिला ऐकवायचे, "आई, शनिवारी मंडळात आहेच ना परत! काहून एवढी दगदग करतेस?"

अशी चार वर्षं गेली. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी आता नागपूरला जाते, दादाकडे. कायमची. ते कार्ड परत करून टाक." आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मला ती जायला नको होती. पण हे तिला सरळ सांगायचं सोडून मी माझ्या सवयीने तारीख पुढे ढकलली. त्याच सुमारास कंपनीने मला वर्षभरासाठी जपानमध्ये, सेंदाईला जायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "एक वर्ष थांब. तिथे ये, तिथले सण बघ. नंतर ठरवू." माझा डाव असा, की सण फक्त नागपुरातच असतात हे तिचं खूळ तिथे उतरेल. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून ती दोन खेपांत येणार होती, मधले महिने दादाकडे. तोवर ग्रीन कार्ड टिकावं म्हणून अमेरिकेत परतण्याचा परवाना मी आधीच काढून ठेवला.

पहिली खेप ऐन थंडीतली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे घरातून राक्षस हाकलायचा सण असतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये सत्तरीच्या एक विधवा बाई राहायच्या. त्यांनी आम्हाला दोघींना बोलावलं. इतर ठिकाणी भाजलेले सोयाबीन फेकतात, सेंदाईकडे चक्क भुईमुगाच्या शेंगा. "शेंगा?" आई म्हणाली. "मग तर आपलाच सण." राक्षस म्हणून कागदी मुखवटा मला घातला आणि आईने चार वर्षांचा राग माझ्यावर शेंगांनी काढला. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे असतात. आईने त्र्याहत्तर दाणे चावून चावून खाल्ले, एकही सोडला नाही.

त्या दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती. फोनमध्ये बोलायचं आणि फोनने भाषांतर करायचं, असा त्यांचा संसार चालला. मार्चमध्ये शेजारीणबाईंनी पायऱ्यांवर लाल कापड घालून राजाराणीच्या बाहुल्या मांडल्या. मुलींचा सण. सण झाला की बाहुल्या लगेच आवरायच्या, उशीर केला तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, असं फोनने सांगितलं. आईने बाहुल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शेहेचाळिशीची, बिनलग्नाची. "आपल्या बाहुल्या कुणी आवरल्याच नाहीत वाटतं," ती म्हणाली, आणि फोनने तेही भाषांतर करून टाकलं. शेजारीणबाई तोंडावर हात ठेवून किती वेळ हसत होत्या.

आई खुलली होती. माझा डाव बरोबर पडतोय अशी माझी खात्रीच झाली. तिथे ऑफिस चालत सात मिनिटांवर होतं आणि मी संध्याकाळी सहाला घरी असायचे. पण तिच्या खुलण्याशी याचा काही संबंध असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं श्रेय मी जपानच्या सणांना देऊन टाकलं.

दुसऱ्या खेपेला ती उन्हाळ्यात आली. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या दोन ताऱ्यांचा सण सेंदाईत ऑगस्टमध्ये असतो. बाजारपेठेत डोक्यावर कागदाच्या रंगीत झिरमिळ्या सोडतात, इतक्या लांब की चालताना हाताने बाजूला सारत जावं लागतं. आमच्या गल्लीच्या झिरमिळ्या करायला आई रोज शेजारीणबाईंबरोबर जायची. त्यात एक कागदी टोपलीही असते, कातरकामातून उरलेले कपटे ठेवायला. कचऱ्यालाही सणात मान, हे तिला फार आवडलं. टोपली तिनेच केली.

त्यानंतर लगेच पितरांचे दिवस आले. माझं ऑफिस आठवडाभर बंद. शेजारीणबाईंची मुलगी टोकियोहून आली आणि तिच्याशी इंग्रजीत बोलताना मला खजिना सापडला. जपानने दीडशे वर्षांपूर्वी चांद्र पंचांग सोडून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, तेव्हा सगळे सण सरकले. ताऱ्यांचा सण टोकियोत जुलैमध्ये करतात, सेंदाईने तो महिनाभर पुढे नेला. पितरांचंही तसंच. मी उड्या मारतच घरी आले.

"बघ आई! यांनीही सरकवले! तारे, पितर, सगळे! आणि तू माझ्या शनिवाराला नावं ठेवतेस."

आई काकडी चिरत होती. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली. "त्यांनी तारीख सरकवली असेल गं. पण त्या दिवशी त्यांची पोरगी घरी आहे ना?"

"त्यांना सुट्टी असते, आई."

"तुला नसते?"

माझ्या खात्यात एकोणीस दिवसांची रजा पडून होती. दर वर्षी पडून असायची. मी काकडीचा तुकडा तोंडात टाकला आणि विषय बदलला. ऑगस्ट संपता संपता ती नागपूरला गेली, पुढच्या उन्हाळ्यात पार्सिपनीला सामान आवरायला येईन असं सांगून.

शरद ऋतूत ऑफिसच्या लोकांबरोबर नदीकाठी चुली मांडून अळकुड्यांचा रस्सा केला. मजा आली. मी व्हिडिओ कॉल करून आईला पातेलं दाखवलं. "मीठ बघितलंस का?" तिने विचारलं. सगळं अजून माझ्या आटोक्यात होतं.

मग एक जानेवारी आली. तिकडे तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. दुकानांची शटर बंद, रस्ते रिकामे, जो तो आपापल्या घरी. शेजारीणबाई मुलीकडे टोकियोला गेल्या होत्या. जाताना माझ्यासाठी गोड काळ्या सोयाबीनचा छोटा डबा देऊन गेल्या. मी वरण-भात, भाजी, शिरा, सगळं केलं. एक ताट घेतलं. टेबलाशी बसले आणि जेवण गार होईपर्यंत नुसती बसून राहिले. भिंतीपलीकडूनही कसलाच आवाज नव्हता. एवढं साग्रसंगीत वाढून घ्यायचं आणि समोर कुणी नाही, याचं मला एकदम रडूच आलं. मी एकच दुपार तशी काढली. आईने पार्सिपनीत चार चतुर्थ्या काढल्या होत्या, एकवीस मोदकांसमोर, सकाळपासून रात्री आठपर्यंत. आणि मी घरी येऊन तिला मंडळाचा शनिवार ऐकवत होते.

मी चुकले, असं मी सहसा म्हणत नाही. इथे म्हणते.

माझं सेंदाईचं वर्ष संपून मी परतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात आई ठरल्याप्रमाणे पार्सिपनीला आली आणि बॅगा भरू लागली. ऑक्टोबरचं तिकीट काढलेलं होतं, फक्त जायचं. मी तिला अडवलं नाही. चतुर्थी सोमवारी आली. नेमकं त्याच दिवशी आमचं नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं, मोठं रिलीज. मी ते गुरुवारवर नेलं. टीममधल्या मुलाने विचारलं, "एनी रिस्क?" मी म्हटलं, "घरी गणपती आहे." सणासाठी काम सरकवण्याची ही माझी पहिलीच वेळ. आभाळ काही कोसळलं नाही.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आई सारण करत होती.

"आज मीटिंग नाही?"

"सुट्टी टाकलीय."

तिने सारणाचं भांडं बाजूला ठेवलं. मग लाटणं माझ्यापुढे सरकवलं. "पुऱ्या पातळ लाट."

माझे चार मोदक तेलात फुटले. मी पीठ सैल झालंय म्हणाले. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." बारा वाजता आम्ही दोघींनी आरती केली, एक टाळ तिच्याकडे, ताटलीवर चमचा माझ्याकडे. मग जेवायला बसलो. मोदक कढईतून नुकतेच निघालेले होते. त्यांचा कडक आवाज पाच वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला. आईने माझ्या पानात तिसरा वाढला आणि हात पुसत सहज विचारावं तसं विचारलं,

"ऑक्टोबरचं ते तिकीट फक्त जायचंच आहे ना?"

"हो. तूच म्हणाली होतीस."

"येतानाचंही काढून ठेव. संक्रांतीच्या आधीचं." तिने चौथा मोदक वाढला. "आणि संक्रांत कुठल्या वारी येते ते बघून रजा आत्ताच टाक."